मेणवलीचा नाना फडणवीस वाडा : एका ग्रामनिवासाचा इतिहास आणि त्याच्या जतनाची समीक्षा

सारांश

वाईजवळील मेणवली येथील नाना फडणवीस यांचा वाडा हा पेशवेकालीन ग्रामीण निवासवास्तूचा महत्त्वाचा नमुना आहे. या वास्तूविषयीचे लेखन प्रामुख्याने नानांच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणून किंवा पर्यटनाच्या अंगाने झालेले दिसते. प्रस्तुत लेखात वाड्याचा विचार 'नगरवासी सत्ताधाऱ्याचा ग्रामनिवास' या भूमिकेतून केला आहे. 'व्हिला' ही पाश्चात्त्य संज्ञा येथे कितपत लागू पडते, हे तपासून त्याआधारे वाड्याच्या जतनासंबंधीच्या प्रचलित कल्पनांची समीक्षा केली आहे.

बीजशब्द : वाडा, इनाम, ग्रामनिवास, मेणवली दप्तर, जीर्णोद्धार, जतन.

प्रस्तावना

वाई हे कृष्णाकाठचे गाव घाटांसाठी, मंदिरांसाठी आणि विद्याव्यासंगासाठी महाराष्ट्राला परिचित आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, रास्ते घराण्याचे वाडे, प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय या खुणांनी या गावाचे व्यक्तिमत्त्व घडले आहे. या गावापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर, नदीच्या वरच्या अंगाला मेणवली हे खेडे आहे. तेथे नाना फडणवीस यांचा वाडा, वाड्यामागील घाट आणि घाटावरील मंदिरे असा एक संपूर्ण वास्तुसमूह उभा आहे.

मेणवलीच्या वाड्यावर आजवर लिहिले गेलेले साहित्य स्थूलमानाने दोन प्रकारचे आहे. पहिल्या प्रकारात नाना फडणवीस हे केंद्र असून वाडा ही त्यांच्या कर्तृत्वाची केवळ पार्श्वभूमी ठरते. दुसऱ्या प्रकारात वाड्याचे चौक, भित्तिचित्रे, गुप्त जागा आणि चित्रपटांतील दर्शन यांचे वर्णन असते. दोन्ही प्रकारांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्याचे सारे राजकारण पुण्यात चालत होते, ज्याचा स्वतःचा वाडा पुण्यात होता, त्या कारभाऱ्याला मेणवलीसारख्या खेड्यात एवढी मोठी वास्तू उभारण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय वाड्याचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, हेही निश्चित करता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात इतिहास व जतन या दोन्ही बाजूंचा विचार एकत्रितपणे केला आहे.

१. इनाम आणि वास्तू

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. पानिपतच्या रणांगणावरून ते बचावून परतले आणि थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत फडणिशीच्या कामात त्यांचा जम बसला. डिसेंबर १७६८ मध्ये भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून त्यांना मेणवलीची जमीन मिळाली. त्या वेळी नानांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. बारभाईंचे कारस्थान अद्याप घडावयाचे होते आणि पेशवाईचा सर्वाधिकारी कारभारी ही त्यांची ओळख पुढे होती. म्हणजे मेणवली ही नानांच्या वैभवाच्या अखेरच्या काळातील हौस नसून त्यांच्या उदयाच्या आरंभी मिळालेला आर्थिक आधार होता. या क्रमाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

अठराव्या शतकातील मराठी राज्यव्यवस्थेत अधिकारपद अस्थिर आणि वतन-इनाम तुलनेने स्थिर होते. पेशव्यांची मर्जी फिरली तर फडणिशी जाईल. परंतु इनामाचे गाव घराण्याकडे राहील, ही अपेक्षा त्या काळच्या प्रत्येक मुत्सद्द्याच्या मनात असे. मेणवलीत नानांनी घाट बांधला, मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन मंदिरे उभारली आणि सहा चौकांचा वाडा बांधला. वाडा, घाट आणि देवालय ही त्रयी पेशवेकालीन सरदार-मुत्सद्द्यांच्या ग्रामीण आश्रयाची खास रीत होती. वाड्याने घराण्याचा निवास साधला, घाटाने गावाची सोय झाली आणि देवालयाने या साऱ्याला धर्माचे अधिष्ठान मिळाले. गावाच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या वास्तूचा काही भाग गावाला परत मिळण्याची ही एक व्यवस्था होती. ही व्यवस्था समतेची नव्हती, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. वाड्याच्या जोत्याचा दगड घडविणारे पाथरवट, वीट पाडणारे, चुना मळणारे आणि सागाची तुळई चढविणारे यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. वाडा मात्र एकट्या नानांच्या नावाने ओळखला जातो.

२. 'व्हिला' ही संज्ञा आणि तिच्या मर्यादा

युरोपीय वास्तुविचारात व्हिला म्हणजे शहरवासी धनिकाचे ग्रामीण निवासस्थान. या संज्ञेचे मूळ रोमन काळातील आहे. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या परिसरात आंद्रेआ पॅलाडिओ (१५०८–१५८०) याने उभारलेल्या व्हिलांमुळे या प्रकाराला अभिजात रूप मिळाले. समुद्री व्यापारातून आलेला पैसा शेतजमिनीत गुंतविणाऱ्या व्हेनिसच्या सरदारांसाठी ही घरे बांधली गेली. त्यांत मालकाचे दिवाणखाने आणि शेतीची कोठारे एकाच रचनेत सामावलेली असत. अमेरिकन वास्तुइतिहासकार जेम्स ॲकरमन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिलाविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की व्हिलाचे अस्तित्व शहरावर अवलंबून असते. शहराचा ताण, शहराचा पैसा आणि शहरापासून दूर जाण्याची इच्छा यांतून ती जन्माला येते.

या कसोटीवर मेणवलीचा वाडा व्हिलाच्या अगदी जवळ येतो. येथेही मालक शहरातील सत्तेचा भाग आहे, गाव त्याच्या उत्पन्नाचे साधन आहे आणि घर हे सत्तेच्या धकाधकीपासून दूर असलेले आश्रयस्थान आहे. हा आश्रय केवळ विश्रांतीपुरता नव्हता. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाल्यानंतर वारसाचा पेच निर्माण झाला. त्या धामधुमीत नानांना पुणे सोडावे लागले. ते वाई परिसरात आले आणि पुढे १७९६ मध्ये घाट उतरून कोकणात महाडकडे गेले. पुणे, सातारा आणि कोकण यांच्या दरम्यान असलेल्या या खोऱ्यात आपले गाव व आपला माणूस असणे याला राजकीय मोलही होते. मेणवलीकडे 'विसाव्याचे ठिकाण' एवढ्याच दृष्टीने पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

तथापि रूपाच्या पातळीवर ही तुलना टिकत नाही. पॅलाडिओची व्हिला दुरून पाहण्यासाठी असते. तिचा दर्शनी भाग, स्तंभांची रांग आणि पायऱ्या आसमंतावर मालकाचे प्रभुत्व जाहीर करतात. मेणवलीचा वाडा याउलट आत वळलेला आहे. बाहेरून उंच भिंत आणि दरवाजा दिसतो. घराचे खरे मुख चौकाकडे आहे. ऊन, वारा, पाऊस, तुळशीवृंदावन, माणसांची ये-जा या सर्व गोष्टी चौकात घडतात. बाहेरच्या जगाशी या घराचे नाते दर्शनी भागाने जुळत नाही, तर मागच्या बाजूने घाटावर उतरणाऱ्या वाटेने जुळते. नदी हेच या वाड्याचे उद्यान आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचे घर अवतरत होते. १७८६ पासून पेशवे दरबारात इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेल्या चार्ल्स मॅलेटने पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी वसविली. बागेच्या मध्यभागी उभे असलेले, चहूबाजूंनी मोकळे आणि बाहेर पाहणारे असे बंगल्याचे रूप तेथून पुण्याला परिचित झाले. ती रेसिडेन्सी नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या प्रसंगी जाळली गेली. परंतु बंगला हा घराचा प्रकार विजयी ठरला. पुढे महाबळेश्वर आणि पाचगणी येथे त्याचीच वस्ती झाली. वाईचे खोरे आणि पाचगणीचे पठार यांमध्ये केवळ पसरणीचा घाट आहे. या घाटाच्या पायथ्याशी चौकाचे घर आणि माथ्यावर बागेचे घर, अशी ग्रामनिवासाची दोन वेगळी रूपे एकमेकांजवळ आढळतात. म्हणून मेणवलीला व्हिला म्हणताना ही संज्ञा अर्थकारणापुरती स्वीकारावी आणि रूपासाठी 'वाडा' हाच शब्द वापरावा, हे अधिक शास्त्रशुद्ध होईल.

३. वास्तूची रचना

वाड्याची बांधणी पेशवेकालीन परंपरेतील आहे. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब व तुळया, कडीपाटाचे छत आणि उतरते छप्पर हे तिचे मुख्य घटक होत. लाकडी सांगाडा भार पेलतो आणि भिंती त्याला आवळून धरतात. दरवाजा, देवडी, ओसरी, सोपा, माजघर, माडी या क्रमाने घर उलगडत जाते. या क्रमात परक्याने कोठवर यावे आणि कोठे थांबावे याचे संकेत दडलेले आहेत. कारकून, सावकार, भिक्षुक, नातलग आणि घरातील स्त्रिया यांचे वावर एकमेकांत मिसळू न देता एकाच छताखाली चालविणे, हे बहुचौकी वाड्याचे खरे कौशल्य होय. चौकांची संख्या हे वैभवाचे माप मानले जाते. परंतु ते कामाच्या वाटणीचेही माप आहे.

वाड्यातील भित्तिचित्रे पौराणिक विषयांवरील आहेत. मराठा भित्तिचित्रांचा विचार करताना त्यांची तुलना राजस्थानी शैलीशी करून त्यांना दुय्यम ठरविण्याची प्रथा आहे. ही प्रथा चित्राला त्याच्या भिंतीपासून तोडून पाहते. मेणवलीतील चित्रे दरबारात मिरविण्यासाठी काढलेली नाहीत. माडीवरच्या मंद उजेडात, घरच्या माणसांच्या नित्य सहवासात ती पाहिली जावीत अशी योजना आहे. देवघराचा भाव दिवाणखान्यात आणणारी ही कला आहे आणि तिचे मूल्यमापन त्याच संदर्भात व्हावयास हवे.

घाटावर मेणेश्वराच्या मंदिराजवळ टांगलेली मोठी घंटा हा या वास्तुसमूहातील सर्वांत बोलका घटक आहे. ही घंटा पोर्तुगीज चर्चची असून तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आणि १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर मराठ्यांच्या हाती आलेल्या अशा घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत पोहोचल्या. मेरीची आकृती न पुसता ती घंटा शिवालयापाशी टांगली गेली, ही घटना अर्थपूर्ण आहे. तीत विजयचिन्हाचा अभिमान आहे, तसेच चांगल्या धातूकामाविषयीची व्यवहारी गुणग्राहकता आहे. दोन्हींपैकी एकच अर्थ ठसविणारे वर्णन एकांगी ठरते.

४. मालकाच्या पश्चात

१३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस यांचे पुण्यात निधन झाले. दुसऱ्या बाजीरावाने त्यांची मालमत्ता जप्त केली. नानांची तरुण विधवा जिऊबाई हिच्या वाट्याला आलेला काळ हा मेणवलीच्या इतिहासातील दुर्लक्षित अध्याय आहे. पेशव्याच्या भीतीने तिला लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला. पुढे आर्थर वेलस्लीच्या मध्यस्थीने ती इंग्रजांच्या संरक्षणाखाली पनवेल येथे गेली आणि तिला वर्षाला १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. मेणवलीही तिला परत मिळाली. पुढे दत्तकाद्वारे घराणे चालू राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिऊबाई हयात होती.

वाडा नानांनी बांधला. परंतु तो टिकविला तो या स्त्रीने, असे म्हणण्यास आधार आहे. जप्तीत गेलेली वास्तू सहसा परत येत नाही आणि परत आली तरी वस्तीवाचून पडते. जिऊबाईने घराण्याचा हक्क राखला, म्हणूनच मेणवली सरकारी कचेरी किंवा ओसाड गढी झाली नाही. पुण्याशी तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली, त्यालाही १८७९ मध्ये आगीची झळ लागली आणि पुढे तेथे सार्वजनिक कचेऱ्या नांदल्या. शहरातील वाडे उपयोग बदलून जगले किंवा नष्ट झाले. मेणवलीचा वाडा मात्र घर म्हणूनच जगला. चरित्रकारांनी जिऊबाईची दखल तिच्या रूपाविषयीच्या इंग्रजी शेऱ्यापुरती घेतली, हा मराठी इतिहासलेखनाचा दोष मानला पाहिजे.

वाड्याने आणखी एक ठेवा सांभाळला. तो म्हणजे मेणवली दप्तर. नानांचा पत्रव्यवहार आणि कागदपत्रे मोडी लिपीत या वाड्यात राहिली. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी या दप्तराचा उपयोग केला. त्यांच्या 'इतिहाससंग्रह' या नियतकालिकातून पेशवाईची अनेक साधने उजेडात आली. त्यांचा साताऱ्यातील संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही वाईत सापडलेल्या कागदपत्रांच्या बळावर. या भागातील माळे आणि कोनाडे हे मराठी इतिहासाचे पहिले अभिलेखागार होते. वाडा पडला असता तर केवळ लाकूड-विटा गेल्या नसत्या, पेशवाईच्या उत्तरार्धाची साधनेही गेली असती.

५. डागडुजी, जीर्णोद्धार आणि जतन

वास्तूच्या संदर्भात मराठीत तीन शब्द वापरले जातात आणि त्यांत तीन निरनिराळ्या दृष्टी आहेत. डागडुजी म्हणजे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करावयाचे नित्यकर्म. कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, वाळवी पाहणे, गिलावा लिंपणे ही कामे घरची बाब असत. जीर्णोद्धार हा शब्द देवालयांच्या परंपरेतून आला. त्यात जीर्ण झालेले काढून नवे बसविणे पुण्यकारक मानले जाते. मूळ दगड टिकला की नाही हा प्रश्न गौण असतो. जतन ही तिसरी आणि अर्वाचीन दृष्टी. तिच्या मते जुना घटक स्वतःच पुरावा असतो, म्हणून तो शक्यतो बदलू नये.

युरोपात हाच वाद एकोणिसाव्या शतकात झाला. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक याने वास्तूला, प्रत्यक्षात कधीही नसलेल्या अशाही, परिपूर्ण अवस्थेत नेणे म्हणजे पुनरुद्धार असे मानले. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ मध्ये अशा पुनरुद्धाराला विनाशाचेच रूप ठरविले आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने रस्किनच्या बाजूला कौल दिला. जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनरुद्धार थांबला पाहिजे आणि नवे काम जुन्यापासून ओळखता आले पाहिजे, हे तिचे सार होय. भारतात २००४ मध्ये इन्टॅकने असंरक्षित वारशासाठी स्वतंत्र सनद स्वीकारली. तिने कारागिरांच्या जिवंत परंपरेला मान्यता दिली आणि परंपरेनुसार केलेले नूतनीकरण हेही जतनाचे अंग असू शकते, हे मान्य केले.

मेणवलीसाठी यांपैकी कोणती भूमिका योग्य? प्रस्तुत विवेचनानुसार उत्तर घटकागणिक बदलते. कौले, वासे आणि गिलावा हे मुळातच बदलण्यासाठी असलेले घटक आहेत. त्यांच्या बाबतीत डागडुजीची परंपरा आणि इन्टॅकची सनद मार्गदर्शक ठरावी. भित्तिचित्रे मात्र पुन्हा निर्माण करता येत नाहीत. मराठा भित्तिचित्रे प्रामुख्याने वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली असल्याने पाणी, ओल आणि उत्साही हात हे त्यांचे तिन्ही शत्रू आहेत. पुसट झालेली रेघ नव्या रंगाने गिरविणे म्हणजे अठराव्या शतकातील चित्र पुसून आजचे चित्र काढणे होय. तेथे व्हेनिस सनदेचा संयमच पाळला पाहिजे.

साहित्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या बांधकामात चुना घाणीत मळून त्यात गूळ, मेथी, उडीद, बेलफळ, हिरडा यांसारखे पदार्थ मिसळण्याची रीत होती. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, वीट भुरभुरते आणि भिंतीत बसविलेले लाकडाचे टोक कुजते. महाराष्ट्रातील कित्येक वाडे व देवळे सिमेंट आणि तैलरंगाच्या 'जीर्णोद्धारा'ने दुबळी झाली आहेत. हेतू श्रद्धेचा आणि परिणाम नाशाचा, असा हा विपरीत प्रकार आहे. चुना मळणाऱ्या आणि सांधे न ठोकता जुळविणाऱ्या कारागिरांची पिढी विरळ होत असताना, केवळ साहित्याची यादी करून उपयोग नाही. कारागिराचे हात हेही जतनाचे विषय आहेत.

६. जतनाचे अर्थकारण

मेणवलीचा वाडा इनामाच्या उत्पन्नावर उभा राहिला होता. अशा वास्तूंची डागडुजीही त्याच उत्पन्नातून होत असे. १९४८ चा कुळकायदा आणि १९५२ चा वैयक्तिक इनामे नष्ट करणारा कायदा यांनी ग्रामीण वाड्यांचा हा आधार काढून घेतला. हे कायदे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जमीन गेली आणि छप्पर राहिले, ही त्यांची वास्तुशास्त्रीय परिणती होती. त्याआधी जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूर भागात झालेल्या जाळपोळीत अनेक वाडे नष्ट झाले होते. जे वाचले, त्यांतील कित्येक वाटण्या, स्थलांतर आणि दुरुस्तीच्या खर्चापुढे हतबल झाले. मेणवलीचा वाडा फडणवीस घराण्याच्या वंशजांनी सांभाळला, ही अपवादात्मक गोष्ट आहे.

कायद्याची बाजू तोकडी आहे. १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्य प्राचीन स्मारके कायदा यांची रचना प्रामुख्याने संरक्षित घोषित झालेल्या वास्तूंसाठी आहे. राहत्या खासगी वाड्याला संरक्षित घोषित केले तर मालकाला घर म्हणून वागणे अवघड होते. घोषित केले नाही, तर त्याला मदतीचा अधिकृत मार्ग राहत नाही. या दोहोंमधील जागा चित्रपटांनी आणि पर्यटनाने भरून काढली. २००३ चा 'गंगाजल' वाई परिसरात चित्रित झाला. २००४ च्या 'स्वदेस'मधील चरणपूर हे उत्तर भारतीय खेडे मेणवलीत उभे राहिले. चित्रीकरणाने गावाला रोजगार आणि वाड्याला प्रसिद्धी मिळाली, हे मान्य करावेच लागते.

तरीही येथे एक सांस्कृतिक प्रश्न उपस्थित होतो. कृष्णेचा घाट पडद्यावर गंगेच्या खोऱ्यातील घाट होतो आणि मराठी मुत्सद्द्याचा वाडा अनामिक हवेली होतो. पाहणाऱ्याच्या मनात तीच ओळख ठसते. मेणवलीत येणारा प्रवासी नानांचे दप्तर आठवून येत नाही, तर चित्रपटातील एखादे दृश्य आठवून येतो. अशा प्रसिद्धीचा दबाव दुरुस्तीवरही पडतो. छायाचित्रात दिसणारा दरवाजा, घाट आणि चौक यांकडे लक्ष जाते. छपराचा सांधा, मोरीचा निचरा, मागच्या चौकाची भिंत या न दिसणाऱ्या जागा मागे राहतात. वास्तू मात्र न दिसणाऱ्या जागांतूनच पडू लागते.

नदीचाही विचार येथे अपरिहार्य आहे. मेणवलीच्या वर धोम येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णेवर धरण झाले. घाटावरील पाण्याची पातळी आता ऋतूइतकीच धरणाच्या विसर्गावर अवलंबून असते. वाड्याची संकल्पना नदीच्या सान्निध्यावर आधारलेली असल्याने, घाट आणि प्रवाह यांना वगळून केलेला जतनाचा कोणताही आराखडा अपुरा राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मेणवलीचा वाडा अर्थकारणाच्या दृष्टीने नगरवासी सत्ताधाऱ्याचा ग्रामनिवास, म्हणजे व्हिलाच्या वर्गातील वास्तू आहे, रूपाच्या दृष्टीने तो चौकाभोवती रचलेला मराठी वाडा आहे. या दोन्ही बाजू एकत्र मांडल्याखेरीज त्याचे आकलन पूर्ण होत नाही.

२) वाड्याचा इतिहास नानांच्या मृत्यूबरोबर संपत नाही. जिऊबाईचा काळ, दप्तराचा शोध आणि वंशजांनी राखलेली निगा हेही त्याच्या इतिहासाचे भाग आहेत आणि माहितीफलकांत त्यांना स्थान मिळाले पाहिजे. अज्ञात कारागिरांचा उल्लेखही तेथे असावा.

३) जतनाचे एकच सूत्र संपूर्ण वास्तूला लावता येत नाही. छप्पर व गिलाव्यासाठी परंपरागत डागडुजी, तर भित्तिचित्रांसाठी कठोर संयम, असा विवेक आवश्यक आहे.

४) वाडा, घाट, मंदिरे, नदी आणि दप्तर हा एक अखंड समूह मानला जावा. दप्तर पुण्यात आणि वाडा मेणवलीत अशी ताटातूट झालेली असली, तरी कागदपत्रांच्या प्रती मूळ जागी अभ्यासकांना उपलब्ध करून देणे अशक्य नाही.

५) परिसरातील महाविद्यालयांना या कामात प्रत्यक्ष सहभाग घेता येईल. इतिहास विभागाने मोडी वाचनाचे वर्ग, भूगोल विभागाने घाट व पूररेषेच्या नोंदी, रसायनशास्त्र विभागाने चुन्याच्या नमुन्यांचा अभ्यास आणि मराठी विभागाने वास्तुविषयक शब्दांचे संकलन हाती घेतल्यास मेणवली हे बहुविद्याशाखीय अध्ययनाचे क्षेत्र ठरेल.

देवडी, सोपा, कडीपाट, पन्हळ हे शब्द आज विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागतात. ज्या घरात हे शब्द वापरले जात, ती घरे झपाट्याने जात आहेत. मेणवलीत ते घर अद्याप उभे आहे, तोवर त्याची मोजमापे, शब्द आणि कामाच्या रीती नोंदवून ठेवणे हे या परिसरातील अध्यापकवर्गाचे तातडीचे कर्तव्य आहे.